फुटबॉलची फी कोणी भरायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



महागाई, शेतीमालाचे भाव, कामगार संहिता अशा विषयांच्या पंगतीला मुलांचा फुटबॉल आणून बसवला, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. एकाने तर मघाशी चहाच्या वेळी मला विचारलेही, "सर, हा मध्यमवर्गाचा प्रश्न नव्हे काय?" त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, ज्या घरात मुलाला फुटबॉलच्या क्लबात घालावे की न घालावे याचा खल चालतो, ते घर मध्यमवर्गीय असते हे खरे. परंतु ज्या घरात हा खल होतच नाही, कारण फीचा आकडा ऐकूनच बाप गप्प बसतो, ते घर आपले आहे. ही दोन्ही घरे एकाच मैदानाच्या दोन बाजूंना उभी आहेत, आणि मला बोलायचे आहे ते त्या मैदानाविषयी.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करतो. याचे कारण असे की, मुलांच्या खेळाचा पूर्ण बाजार झाला म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर त्या देशाइतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे सापडत नाही. तिथे ज्याला सॉकर म्हणतात तो आपला फुटबॉल. १९६४ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' नावाची संस्था निघाली. प्रत्येक मूल खेळलेच पाहिजे, हे तिचे पहिले तत्त्व. आई-बापच प्रशिक्षक, आई-बापच पंच, वर्गणी माफक. ती संस्था आजही आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत तिच्या डोक्यावर दुसरा मजला चढला. निवड-चाचणी घेणारे, पगारी प्रशिक्षक ठेवणारे आणि शनिवार-रविवारी दोन-तीनशे मैलांवर सामने खेळायला नेणारे क्लब तयार झाले. त्यांना तिथे 'ट्रॅव्हल' क्लब म्हणतात. नावातच प्रवास आहे, आणि तो अर्थातच पालकांच्या खर्चाने.

माझी एक पुतणी न्यू जर्सीत असते. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, मुलगा दहा वर्षांचा. मागील खेपेस तिच्याकडे होतो तेव्हा अर्थशास्त्राचा माणूस म्हणून तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हणाली, "काका, हे बरोबर चाललंय का, तेवढं सांगा." त्या कागदावर क्लबाची वार्षिक फी होती, दोन रंगांच्या गणवेशांचे पैसे निराळे, हिवाळ्यात बंदिस्त सभागृहातील सरावाचे निराळे, स्पर्धेच्या प्रवेशाचे निराळे. एक रकाना हॉटेलांचा होता. मी विचारले, एवढी महाग हॉटेले कशाला घेता? तेव्हा कळले की पुष्कळ स्पर्धांचा नियमच असा असतो की संयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलातच उतरावे लागते, नाहीतर संघाला प्रवेश नाही. त्या हॉटेलांकडून संयोजकांना वाटा मिळतो. सगळी बेरीज चार हजार डॉलरांच्या पुढे गेली होती. हे घर काही अपवादात्मक नव्हे. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२४ साली पालकांची जी पाहणी केली, तिच्यात मुलाच्या एका मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी वार्षिक खर्च १,०१६ डॉलर निघाला, आणि २०१९ च्या मानाने ती वाढ ४६ टक्क्यांची होती. ही सरासरी सर्व खेळांची आणि सर्व थरांची आहे. प्रवासी क्लबात शिरलेल्या कुटुंबाचा आकडा तिच्या कितीतरी पट असतो.

आता अर्थशास्त्र्याने विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे, या पैशात पालक नेमके काय विकत घेतो? मला असे दिसते की तो तीन निरनिराळ्या वस्तू एकाच गाठोड्यात घेतो. पहिली वस्तू म्हणजे खेळ : मोकळी हवा, घाम, सोबती, हरणे-जिंकणे. दुसरी म्हणजे शिक्षण, कसलेल्या प्रशिक्षकाकडून मिळणारे कौशल्य. आणि तिसरी म्हणजे आशा. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळेल, निदान नामांकित विद्यापीठाचे दार किलकिले होईल, आणि कुणी सांगावे, पुढे व्यावसायिक खेळाडूही होईल. या तिघींतली पहिली वस्तू जवळजवळ फुकट मिळू शकते. दुसरीला रास्त किंमत आहे. पण गाठोड्याची किंमत फुगते ती तिसरीमुळे, म्हणून तिच्याकडे थोडे बारकाईने पाहू.

अमेरिकन विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत मुलांचे फुटबॉल संघ दोनशेहून थोडे अधिक आहेत. २०२५ पर्यंत नियम असा होता की प्रत्येक संघाला जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. अपूर्णांक मुद्दाम सांगतो, कारण त्या शिष्यवृत्त्या पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जात. म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती मिळालेला मुलगा दुर्मीळच. सर्व संघांनी सगळी मर्यादा वापरली असे धरले तरी देशभरात दोन हजारांच्या आसपास. त्या चार वर्षांच्या विद्यार्थ्यांत विभागलेल्या, म्हणजे दरवर्षी नव्याने निघणाऱ्या पाचशेच्या घरात. त्यांतल्याही पुष्कळ परदेशांतून आणलेल्या तयार खेळाडूंना जातात. दुसऱ्या श्रेणीत आणखी काही मिळतात. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी म्हणून एकही नाही. इकडे शालेय संघांतून खेळणारी मुले चार लाखांहून अधिक. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघाच्या आकाराची मर्यादा आली आहे. पण महाविद्यालयांच्या तिजोरीत त्यामुळे नवे पैसे निर्माण झाले, असे काही नाही. मुलींची स्थिती जरा बरी. त्यांना प्रत्येक संघामागे १४ शिष्यवृत्त्यांची मुभा होती. त्याच्या कारणाकडे मी पुढे येतो.

आठव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत, वर्षाला सरासरी तीन हजार डॉलर धरले, तरी तीस हजार होतात. राहण्या-जेवणासकट सरकारी विद्यापीठातल्या एका वर्षाचा खर्च साधारण तेवढाच असतो. याचा अर्थ, तेच पैसे निमूटपणे बँकेत टाकले असते तर एक वर्षाची शिष्यवृत्ती बापाने स्वतःच मुलाला दिली असती, आणि तीही खात्रीची. अ‍ॅडम स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी वकिलीच्या धंद्याविषयी हेच लिहून ठेवले आहे : ज्या धंद्यात एकजण यशस्वी होण्यासाठी वीसजण बुडतात, त्या धंद्यातल्या एकाला विसांची कमाई मिळायला हवी, ती मिळत नाही, तरीही तरुण त्यात उड्या घेतातच, कारण आपल्या नशिबाविषयी माणसाला अवाजवी विश्वास असतो. स्मिथच्या काळी निदान तरुण स्वतः जुगार खेळत. इथे बाप खेळतो आणि पत्त्याच्या जागी मूल असते.

मग हे पालक मूर्ख आहेत काय? मुळीच नाहीत, आणि इथे आपल्या काही मित्रांशी माझा मतभेद आहे. मध्यमवर्गाचे खूळ म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे असते. परंतु एकेका पालकाच्या जागी उभे राहून पाहा. शेजारचा मुलगा क्लबात गेला. तो आठवड्यातून तीनदा सराव करतो. आपला मुलगा फक्त गल्लीत खेळला तर बाराव्या वर्षी शाळेच्या संघातही त्याला जागा मिळणार नाही. म्हणजे क्लबाची फी ही पुढे जाण्यासाठी नसून मागे न पडण्यासाठी आहे. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली 'सोशल लिमिट्स टू ग्रोथ' या ग्रंथात अशा वस्तूंचे विवेचन केले आहे. ज्यांचे मूल्य इतरांच्या तुलनेतील आपल्या स्थानावर अवलंबून असते, त्या वस्तू. संघातल्या जागा अकराच. सर्वांनी खर्च दुप्पट केला तरी त्या बाविसाव्या होत नाहीत. प्रत्येकाचा निर्णय आपापल्यापुरता शहाणपणाचा, आणि सगळ्यांची बेरीज शुद्ध उधळपट्टी! पगारवाढीच्या वाटाघाटी एकेकट्याने करायच्या नसतात, हे ज्या चळवळीने कामगारांना शिकवले, तिला या पालकांची अडचण समजायला वेळ लागू नये.

शिवाय एकदा पाच वर्षांचे पैसे गेले की सहाव्या वर्षी थांबणे जड जाते. झालेला खर्च परत येणारा नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये, असे आम्ही पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण तो स्वतःच्या पोरासाठी झालेला खर्च असतो, तेव्हा पाठ्यपुस्तक मिटून ठेवले जाते.

आता निवडीविषयी थोडे. ही मंडळी सात-आठ वर्षांच्या मुलांतून 'अव्वल' आणि 'दुय्यम' संघ वेगळे काढतात. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी आढळली. कारण उघड आहे. वयोगटाची कट-तारीख १ जानेवारी असली की जानेवारीतले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठे असते. आठव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. उंची जास्त, पल्ला जास्त. प्रशिक्षक त्याला प्रतिभा समजतो, वरच्या संघात घेतो, तिथे त्याला चांगला सराव मिळतो आणि दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो! फुटबॉलमध्ये हीच गोष्ट देशोदेशी पुनःपुन्हा दिसून आली आहे. अमेरिकेत कट-तारीख काही वर्षांपूर्वी ऑगस्टवरून जानेवारीवर आणली, आणि २०२६ च्या हंगामापासून ती पुन्हा १ ऑगस्टवर न्यायची असे तिथल्या प्रमुख संस्थांनी ठरवले. म्हणजे कालपर्यंत ज्याच्या अंगी जन्मजात गुण होते, तो एका परिपत्रकाने साधारण ठरणार. पालकांनी ज्या निवडीसाठी एवढे पैसे ओतले, तिचा पाया असा आहे.

तथापि खरा प्रश्न याहूनही पुढचा आहे. पैसे पालकानेच का भरायचे? जगात इतरत्र मुलांना शिकवणाऱ्या क्लबाचे उत्पन्न काय असते? फिफाच्या २००१ सालापासूनच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक खेळाडू एका देशातल्या क्लबाकडून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे विकला गेला की, त्या रकमेतील पाच टक्के, त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत ज्या ज्या क्लबांनी घडवले त्यांच्यात वाटायचे असतात. याखेरीज प्रशिक्षणाची भरपाई निराळी. म्हणून लहानशा गावातील क्लबालाही गरिबाचे हुशार पोर फुकट शिकवणे परवडू शकते. अमेरिकेच्या महासंघाने मात्र मक्तेदारीविरोधी कायद्याची अडचण पुढे करून ही पद्धत वर्षानुवर्षे लागू होऊ दिली नाही. डीआंद्रे येडलिन हा खेळाडू २०१४ साली इंग्लंडच्या टॉटनहॅमला विकला गेला, तेव्हा त्याला किशोरवयात शिकवणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातील क्लबाने आपला हिस्सा मागितला. त्याच्या पदरी वर्षानुवर्षांचा वाद आला. २०१९ साली तिथल्या व्यावसायिक लीगने आपली भूमिका बदलली, परंतु तोवर एक संपूर्ण व्यवस्था पालकांच्या धनादेशावर उभी राहिली होती.

यातून निघणारे सूत्र आपण ध्यानात घेतले पाहिजे : जो पैसे देतो त्याचीच सेवा होते. क्लबाचे उत्पन्न खेळाडूच्या पुढील यशातून येत असेल, तर तो झोपडपट्टीत हिंडून गुणी पोर शोधील. ते पालकाच्या फीतून येत असेल, तर तो फी देऊ शकणारा पालक शोधील आणि त्याची आशा कोमेजू न देणे हाच त्याचा धंदा होईल. "तुमच्या मुलाला यात फारशी गती नाही, पण त्याला मजा येते आहे, खेळू द्या" असे खरे बोलणारा प्रशिक्षक त्या बाजारात टिकणार नाही. १० ऑक्टोबर २०१७ या दिवशी त्रिनिदाद-टोबॅगोसारख्या चिमुकल्या राष्ट्राकडून २-१ असा पराभव होऊन अमेरिकेच्या पुरुष संघाची विश्वचषकाची वाट बंद झाली. त्यानंतर त्या देशात पहिल्यांदा मोठ्या आवाजात विचारले गेले की, लॅटिन वस्त्यांतली मुले आपल्या क्लबांत दिसत का नाहीत? उत्तर फीच्या पावतीवर छापलेले होते.

इथे कुणी तत्काळ आक्षेप घेईल, आणि तो घ्यावा, की याच देशाच्या स्त्रियांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असा चार वेळा विश्वचषक जिंकला, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामागे क्लबांच्या फीपेक्षा मोठे कारण म्हणजे १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुली आणि मुलगे असा भेद करता येणार नाही, असे त्याने सांगितले, आणि शाळा-महाविद्यालयांना मुलींचे संघ काढावे लागले. बाकीचे जग मुलींना मैदानावर येऊ देत नव्हते तेव्हा एका कायद्याने तिथे दार उघडले. मुलींच्या वाट्याच्या त्या चौदा शिष्यवृत्त्यांमागेही हाच कायदा आहे. म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे सर्वांत झळाळते यश हे बाजाराचे नसून विधिमंडळाचे आहे. आपल्याकडचे बाजारभक्त ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

नॉर्वेचे थोडक्यात सांगतो. लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख. मुलांच्या खेळाविषयीचे नियम त्यांनी १९८७ साली केले आणि २००७ मध्ये त्यांना हक्कांचे स्वरूप दिले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत क्रमवारीचे तक्ते लावायचे नाहीत; तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही; मुलाला काय आणि किती खेळायचे ते ठरवण्याचा हक्क मुलाचा. क्लब गावचे, प्रशिक्षक बव्हंशी पालकच, आणि सरकारी लॉटरीच्या नफ्याचा मोठा हिस्सा मैदाने व सभागृहे बांधण्याकडे जातो. तिथेही फी आहे, ती वाढते आहे आणि तिच्याविरुद्ध ओरडही आहे. स्वर्ग कुठेच नसतो. परंतु लहानपणी गुण न मोजल्यामुळे मुले मागे पडतील ही भीती फोल ठरली. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या देशाने १६ सुवर्णपदके मिळवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इटलीला त्यांच्याच मैदानावर ४-१ असे हरवून १९९८ नंतर प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकात प्रवेश केला.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा चाले, आणि कूपरेजवर तिचे सामने पाहायला गिरणगावातून माणसे जात. त्या काळी फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या बापाला क्लबाची फी द्यावी लागत नसे; उलट पोर बरे खेळले तर मफतलाल, टाटा, रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ यांच्यापैकी कुणाच्या तरी संघात त्याला घेत आणि संघाबरोबर नोकरी येई. खेळाचे मोल बापाला कळण्यासारखे होते : महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, रेल्वेचा पास. ती व्यवस्था निर्दोष नव्हती, पण तिच्यात खर्च मालकाचा आणि लाभ कामगाराच्या मुलाचा होता. गिरण्या गेल्या. महिंद्रचा संघ २०१० साली मोडला. २०१३ नंतर एअर इंडियाचे नाव आय-लीगमध्ये दिसले नाही. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. शिडीच्या वरच्या पायऱ्या एकेक करून निखळल्या, आणि नेमक्या त्याच काळात खालच्या पायरीवर तिकीट लागले.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याच्या आगेमागे पुण्या-मुंबईत अकादम्यांचे पीक आले. कुठे युरोपातील क्लबाचे नाव, कुठे माजी खेळाडूचे. एखाद्या अकादमीची फी महिना अडीच हजार धरा. वर्षाचे तीस हजार. बूट, गणवेश, स्पर्धांची प्रवेश फी आणि प्रवास मिळून आणखी वीस हजार. ज्या घरात महिन्याला वीस हजार येतात त्या घराच्या वार्षिक उत्पन्नाचा हा पाचवा हिस्सा झाला. आणि वर काय आहे? अखिल भारतीय महासंघाने आपले व्यावसायिक हक्क २०१० साली पंधरा वर्षांसाठी खाजगी कंपनीकडे सोपवले होते. त्या कराराची मुदत २०२५ मध्ये संपत आली आणि नूतनीकरण होईना, तेव्हा त्याच वर्षीच्या जुलैत देशाची सर्वोच्च लीगच स्थगित झाली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम वर्षअखेरपर्यंत सुरू झाला नाही. ज्या शिखराकडे बोट दाखवून पालकांकडून फी घेतली जाते, त्याची ही अवस्था.

परंतु या फीत सर्वांत मोठा भाग कशाचा असतो, हे तुम्ही कधी विचारले आहे काय? चेंडूचा नव्हे. प्रशिक्षकाच्या पगाराचाही नव्हे. बहुतेक तरुण प्रशिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबतात. तो भाग असतो जमिनीचा. शहरात मैदान दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ जमिनीच्या मालकाला खंड मिळतो, हे रिकार्डोने १८१७ सालीच सांगितले. आता गंमत पाहा. मैदान पुष्कळदा नगरपालिकेचे किंवा सरकारी जमिनीवरील शाळेचे असते, म्हणजे तुमचे-आमचे. ते एखाद्या मंडळाला वा संस्थेला नाममात्र भाड्याने मिळते. संस्था ते अकादमीला तासाच्या हिशेबाने देते. अकादमी पालकाकडून टंचाईच्या दराने पैसे घेते. सार्वजनिक जमिनीचा खंड असा मधल्यामध्ये जिरतो, आणि त्या जमिनीचा मालक असलेला नागरिक आपल्याच मुलाला आपल्याच मैदानावर खेळवण्यासाठी रांगेत उभा राहून पैसे भरतो! मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये खुल्या जागा संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांनी एवढा गदारोळ केला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. लहान शहरांत मात्र असे ठराव सभेच्या अखेरीस आयत्या वेळच्या विषयांत मंजूर होतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आपल्याच राज्यात निराळे उदाहरण आहे, ते कोल्हापूरचे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : या संघांच्या मागे पेठ उभी असते. शाहू स्टेडियमवर सामना असला की निम्मी पेठ तिथे. तालीम ही मुळात कुस्तीची. तिथे पोराला घालताना बाप फी विचारत नसे, तशी रीतच नव्हती. फुटबॉलनेही तीच रीत उचलली. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, आणि त्याच्या घडणीत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा, म्हणजे सरकारी निवासी प्रशिक्षणाचा वाटा होता. मी कोल्हापूरचे कौतुक डोळे मिटून करीत नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्या, बाहेरून पैसे देऊन आणलेले खेळाडू, निवडणुकीच्या तोंडावर होणारी पुढाऱ्यांची देणगीशूरता, हे सर्व तिथे आहेच. आणि तालमीच्या उंबऱ्यावर मुलींचे पाऊल फार उशिरा पडले. पण पेठेतल्या मुलाने खेळायचे ठरवले तर त्याच्या बापाच्या उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही, हे लहान काम नव्हे.

पालक म्हणून तुम्हाला कुणी सल्ला विचारला, आणि कार्यकर्त्याला वस्तीत हेच प्रश्न आधी विचारले जातात, तर माझे मत असे. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत 'निवडक' संघासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. फी द्यायचीच तर एकच गोष्ट मोजावी, ती म्हणजे आठवड्यात मुलाचा पाय चेंडूला किती वेळ लागतो. वीस मुले रांगेत उभी आणि एक चेंडू, अशा सरावाला नाव युरोपचे असले तरी तो रांगेचाच सराव. कर्ज काढून खेळ शिकवू नये. प्रमाणपत्रासाठी तर मुळीच नको. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरे, पण त्याच्या आशेने खोट्या प्रमाणपत्रांचा केवढा व्यापार झाला, ते आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. आणि मुलाला जायचे नसेल त्या दिवशी त्याला घरी राहू द्यावे. खेळायला सक्तीने पाठवलेले मूल हा एक कामगारच असतो, बिनपगारी.

मात्र सल्ला देऊन आपले काम संपत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही. तुमच्या प्रभागातील किती शाळांत ही दोन्ही आहेत, याची यादी करायला दोन कार्यकर्त्यांना एक आठवडा पुरेल. दुसरे काम माहितीच्या अधिकाराखाली करायचे. पालिकेच्या प्रत्येक मैदानाचा करारनामा मागवा. कुणाला दिले, किती वर्षांसाठी, किती भाड्याने, आणि पोटभाड्याने देण्यास मनाई आहे की नाही, हे पाहा. जिथे अकादमी चालते तिथे ती उठवा, अशी मागणी मी करणार नाही. ते तरुण प्रशिक्षक आपले शत्रू नव्हेत, त्यांच्या अंगी विद्या आहे. मागणी अशी करावी की करारात अटी घाला. रोज संध्याकाळचे ठरावीक तास मैदान विनाशुल्क खुले; फी घेणाऱ्या वर्गात वस्तीतल्या मुलांना ठरावीक जागा मोफत; प्रशिक्षकाचे मानधन पालिकेकडून. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळी मैदानावर भरत तेव्हा लंगडीला आणि लेझमीला कुणी पावती फाडली नव्हती. पण मैदान मोकळे मिळेल हे तेव्हा गृहीत होते. आज ते लिहून घ्यावे लागेल.

आणि त्या तासांत मुलींचे तास निराळे लिहून घ्या, उजेड असतानाचे. 'सर्वांसाठी खुले' एवढेच लिहिले तर मैदान मोठ्या मुलग्यांचे होते, हा सर्व शहरांचा अनुभव आहे. आपल्या प्रभागातील दोन मैदानांचे करार कार्यालयात आले आहेत असे आताच कळले. प्रश्नोत्तरांच्या आधी ते एकत्र वाचून घेऊ.